गृहस्थाश्रमी कासव

उस्मानपुऱ्यात, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या ज्या भागात जुने बंगले एकेक करून उतरवले जात असून त्यांच्या जागी तीन-चार मजली इमारती उभ्या राहत आहेत आणि जिथे घर भाड्याने देण्यापूर्वी मालक भाडेकरूची नोकरी, जेवण व जनावरे या तीन बाबींची एकाच दमात चौकशी करतो, त्या भागात कासव पाळण्याचा निर्णय सहसा कासवाच्या ओढीने घेतला जात नाही. इतर सर्व प्राणी बाद झाल्यावर जे उरते ते कासव, अशी ही निवडप्रक्रिया असते. मुलाची मूळ मागणी कुत्र्याची असते आणि पहाटे त्याला फिरवून कोण आणणार, या एका प्रश्नावर ती निकालात निघते. मांजराचा प्रस्ताव आजीच्या पातळीवर फेटाळला जातो, कारण दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवण्याची जबाबदारी शेवटी आपल्याच गळ्यात पडणार हे तिला अनुभवाने ठाऊक असते. देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे, ही माहिती नेमका तोच नातेवाईक पुरवतो ज्याच्या स्वतःच्या घरी पोपट म्हातारा होऊन मेला. मग तडजोड म्हणून मासे आणले जातात, ते ओळीने मरतात, आणि शेवटच्या माशाला मोगऱ्याच्या कुंडीत मूठमाती दिल्यानंतर घरात जी रिकामी काचेची पेटी उरते तीच कासवाच्या आगमनाचे खरे कारण ठरते, कारण पेटीचे पैसे वाया घालवणे मध्यमवर्गीय मनाला मानवत नाही.

कासवाच्या बाजूने मांडले जाणारे गुण तपासून पाहिले असता ते एकजात नकारार्थी असल्याचे आढळते. ते भुंकत नाही, ओरबाडत नाही, त्याचे केस गळत नाहीत, ते सोफ्यावर चढत नाही आणि पाहुण्यांच्या अंगावर जात नाही. एके काळी वधुपित्याकडे स्थळाची शिफारस करताना मध्यस्थ मंडळी मुलगा सुपारीच्या खांडालाही शिवत नाही एवढेच ठासून सांगत आणि तो करतो काय हा भाग गाळत, तशीच ही शिफारस असते. गंमत अशी की भारतीय कथापरंपरेत कासवावर ठेवला गेलेला सर्वांत प्रसिद्ध ठपका बडबडीचाच आहे. पंचतंत्रातील कंबुग्रीव नावाचे कासव, दोन हंसांनी दोन टोकांना धरलेली काठी दातओठ खाऊन पकडून (कासवाला दात नसतात, ही बाब कथाकारांनी सोयीने दुर्लक्षिली आहे) आकाशमार्गाने जात असता, खालच्या नागरिकांच्या गलक्याला उत्तर देण्यासाठी तोंड उघडते आणि प्राणास मुकते. त्यानंतर या कुळाने बोलणे सोडलेले दिसते, आणि या मौनाचा अर्थ गृहस्थाश्रमी माणूस 'याला काही लागत नाही' असा लावतो. वस्तुतः कासवाला कुत्र्याइतकेच लागते, काही बाबतींत त्याहून जास्त लागते. ते मागत मात्र नाही. कासवपालनातील सगळे शास्त्र आणि सगळा घोटाळा या एवढ्याशा फरकात सामावलेला आहे.

कोणते कासव पाळावे हा प्रश्न आवडीनिवडीचा वाटला, तरी तो मुळात कायद्याचा प्रश्न आहे. जमिनीवर राहणाऱ्या भारतीय कासवांत सर्वांत देखणे ते तारांकित कासव, ज्याला बाजारात 'स्टार कासव' म्हणतात आणि ज्याच्या घुमटाकार काळसर पाठीवरील प्रत्येक ढालपट्टातून, म्हणजे नखे ज्या द्रव्याची बनलेली असतात त्याच द्रव्याच्या कठीण तुकड्यातून, पिवळ्या रेषा किरणांप्रमाणे बाहेर पडलेल्या असतात. वाळक्या गवतात आणि ऊनसावलीत दिसू नये म्हणून निसर्गाने दिलेली ही नक्षी कोल्ह्यापासून बचाव करण्यास पुरेशी ठरली, परंतु दिवाणखाना सजवणाऱ्यांच्या नजरेत ती नेमकी भरली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतातील केवळ एका व्यापारकेंद्राच्या परिसरातून वर्षाला या जातीची किमान ५५,००० पिल्ले उचलली जात होती. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या 'साइट्स' करारात २०१९ मध्ये या कासवाला सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत घालण्यात आले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, जाऊन बसले. त्यामुळे हौसेने आणलेल्या या चांदण्या मालकाला तीन ते सात वर्षांचा कारावास आणि किमान २५,००० रुपयांचा दंड दाखवू शकतात.

गोड्या पाण्यातील देशी कासवांची स्थितीही निराळी नाही. मराठवाड्यातील तळी, विहिरी आणि कालवे यांत आढळणारे मऊ पाठीचे एक कासव असे आहे की त्याच्या पोटाच्या कवचाला मागील बाजूस दोन झडपा असतात आणि मागचे पाय आत ओढले की त्या झडपा दारासारख्या मिटतात. पाणी आटले की हे कासव चिखलात स्वतःला गाडून घेते आणि खाणेपिणे आवरते ठेवून पावसाची वाट पाहते. अवर्षणाशी जुळवून घेण्याच्या कामी या प्रदेशात याच्याइतका अनुभवी दुसरा रहिवासी सापडणे कठीण आहे, आणि म्हणून संभाजीनगरच्या हवापाण्याला सर्वांत योग्य असे पाळीव कासव कोणते, या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर हेच ठरले असते. परंतु तेही पहिल्या अनुसूचीत असल्याने त्या उत्तराचा उपयोग नाही. गोदावरीचे कासव घरात ठेवणे हा गुन्हा आणि अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे ठेवणे ही हौस, अशी ही व्यवस्था आहे. उस्मानपुऱ्यातील काचेच्या पेटीत जे कासव येऊन पडते ते हेच मिसिसिपीचे, डोळ्यामागे तांबडा पट्टा असल्यामुळे 'लाल कानाचे' म्हटले जाणारे कासव होय. कोणत्याही अनुसूचीत नाव नसल्याने ते दुकानात उघड मिळते. मात्र जगातील सर्वांत त्रासदायक अशा शंभर आक्रमक परदेशी प्रजातींच्या प्रसिद्ध यादीत त्याचे नाव आहे, ही गोष्ट खरेदीच्या वेळी कोणी काढत नाही.

येथे हेही नोंदवले पाहिजे की मराठी समाजाला कासवाचे सान्निध्य नवे नाही. खेड्यातील विहिरीत पाणी स्वच्छ राहावे म्हणून कासव सोडण्याची चाल जुनी आहे. शंकराच्या देवळात नंदीच्या आसपास जमिनीत कोरलेल्या कासवाला नमस्कार केल्याखेरीज भाविक पुढे जात नाही. वेरूळच्या कैलास लेण्यातील नद्यांच्या मंदिरात गंगा मकरावर तर यमुना कासवावर उभी आहे, आणि बाराशे वर्षांहून अधिक काळ तिचे वजन पेलूनही त्या कासवाने तक्रार केल्याची नोंद नाही. अलीकडे मात्र श्रद्धेचे केंद्र देवळातून बैठकीच्या खोलीत सरकले असून, पाण्याच्या काचेच्या वाडग्यात उत्तर दिशेला ठेवलेले पितळी कासव आणि बोटातील कासवाची अंगठी यांच्याकडे घराची आर्थिक बाजू सोपवलेली दिसते. चमत्कारिक बाब अशी की पितळी कासवाच्या वाडग्यातील पाणी ठरल्या दिवशी न चुकता बदलले जाते, कारण ते न बदलल्यास लक्ष्मी रुसण्याची भीती असते. शेजारच्या पेटीतील जिवंत कासवाचे पाणी हिरवे झाले तरी चालते, कारण त्याच्या रुसण्याशी पैशांचा संबंध अद्याप कोणी जोडलेला नाही.

तो संबंध जोडणारा एक स्वतंत्र संप्रदाय आहे आणि त्याचा उल्लेख टाळता येणार नाही. वीस नखांचे कासव सापडल्यास त्याच्या साहाय्याने पैशांचा पाऊस पाडता येतो अशी समजूत असून, असे कासव विकणारे, विकत घेणारे आणि दोघांना पकडणारे पोलीस यांच्या बातम्या महाराष्ट्रातील वर्तमानपत्रांत अधूनमधून येत असतात. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने पाहता बहुतेक कासवांच्या पुढील पायांना प्रत्येकी पाच आणि मागील पायांना प्रत्येकी चार नखे असतात, ज्यांची बेरीज १८ होते. मऊ पाठीच्या कासवांना प्रत्येक पायाला तीन, म्हणजे एकूण १२ भरतात. पावसाचा भाव दोन नखांनी चुकतो तो असा. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये आला असला, तरी या क्षेत्रातील अधिक परिणामकारक सुधारणा प्राथमिक शाळेतील बेरीज पक्की करूनही साधता आली असती.

खरेदीचा प्रसंग थोडक्यात सांगता येतो. दुकानातील परातीत दहा रुपयांच्या नाण्याहून थोडीशीच मोठी अशी डझनभर हिरवी पिल्ले एकमेकांच्या पाठीवर चढत असतात, मुलगा त्यांतील सर्वांत चपळ पिल्लाकडे बोट दाखवतो, आणि 'किती मोठे होते' या वडिलांच्या प्रश्नाला दुकानदार 'एवढंच राहतं' असे उत्तर देतो, जे पुढील पाऊण तासापुरते खरे असते. सोबत प्लास्टिकचा एक उथळ वाडगा मिळतो, ज्याच्या मधोमध प्लास्टिकचेच बेट आणि त्यावर नारळाचे झाड असते. हे झाड कशासाठी असते याचा उलगडा कोणत्याही ग्रंथात होत नाही. अमेरिकेत, म्हणजे या कासवाच्या माहेरी, १० सेंटिमीटरहून लहान कासवे पाळण्यासाठी विकण्यास १९७५ पासून बंदी आहे; कारण त्यांच्या अंगावर व पाण्यात साल्मोनेला नावाचे, हगवण लावणारे जिवाणू असू शकतात आणि लहान मुलांना इतके लहान कासव पाहिले की ते तोंडात घालून पाहण्याची इच्छा होते. तेव्हा पाळणाऱ्याने हात साबणाने धुवावेत आणि पेटी ओट्यावरच्या सिंकमध्ये न धुता मोरीत धुवावी, एवढी माहिती तरी त्या नारळाच्या झाडाऐवजी देता आली असती.

लाल कानाचे कासव, विशेषतः मादी, पूर्ण वाढल्यावर २५ ते ३० सेंटिमीटर लांब होते. अनुभवी पाळणारे कवचाच्या दर इंचामागे सुमारे ४० लिटर पाणी असा हिशेब धरतात, ज्यानुसार एका प्रौढ कासवाला सुमारे ४०० लिटर पाण्याची जागा लागते. हा आकडा इतरत्र केवळ मोठा वाटतो. छत्रपती संभाजीनगरात तो उर्मट वाटतो. पैठणच्या नाथसागरावरून पाणी घेणाऱ्या या शहरात नळाला रोज पाणी येणे ही कल्पना नागरिकशास्त्राच्या पुस्तकापुरती उरलेली असून, काही दिवसांच्या अंतराने येणारा 'पाण्याचा दिवस' हा प्रत्येक घराच्या दिनदर्शिकेतील सणवारांच्या बरोबरीचा दिवस आहे. त्या दिवशी गच्चीवरची टाकी, जमिनीखालचा हौद, २०० लिटरचे निळे ड्रम, बादल्या, कळशा आणि शेवटी पातेली या क्रमाने पाणी साठवले जाते आणि घरातील एक जबाबदार व्यक्ती रजा टाकून मोटारीपाशी उभी राहते. अशा घरात एका सभासदाने दोन ड्रम पाणी केवळ पोहण्यासाठी अडवून ठेवणे, आणि त्यातच विष्ठा करून आठवड्याला निदान पाव हिस्सा बदलून मागणे, ही गोष्ट कुटुंबाच्या नीतिशास्त्राला हादरा देणारी असते. घरातील इतर माणसे एका बादलीत आंघोळ उरकत असताना पेटीतील मंडळी डुंबत आहेत हे दृश्य आईला दिवसातून किमान दोन वेळा दिसते आणि प्रत्येक वेळी तिच्या पोळ्या लाटण्याचा आवाज वाढतो.

उतारा म्हणून पेटीतून काढलेले पाणी झाडांना घालण्याची सूचना पुढे येते आणि ती शास्त्रशुद्धही आहे, कारण त्या पाण्यात नत्राचे प्रमाण चांगले असते. तथापि तेथे एक धर्मशास्त्रीय पेच निर्माण होतो. तुळस विष्णूला प्रिय, आणि कूर्म हा विष्णूचाच दुसरा अवतार. तेव्हा कूर्माच्या स्नानाचे पाणी तुळशीला चालावे, असा युक्तिवाद आजोबा करतात. पाणी स्नानाचे असते तर चालले असते, परंतु ते केवळ स्नानाचे नाही, असा निर्णय आजी देते आणि ते पाणी शेवंतीकडे वळवले जाते. हा निर्णय निर्दोष असून त्यावर अपील नाही.

उन्हाची कथा पाण्याच्या उलट आहे, म्हणजे ते शहरात विपुल आणि फुकट असूनही कासवापर्यंत पोचत नाही. कासवाला आपल्या शरीराची उष्णता स्वतः निर्माण करता येत नसल्याने ते उन्हात शेकून घेते, आणि उन्हातील अतिनील किरणांच्या एका विशिष्ट भागामुळे त्याच्या अंगात ड-३ जीवनसत्त्व तयार होऊन कॅल्शियम हाडांत उतरते. हे किरण काचेतून जवळजवळ आत येत नाहीत, त्यामुळे खिडकीच्या बंद काचेआडचे कोवळे ऊन त्याच्या उबेपुरतेच उपयोगी पडते. पेटी तर बहुधा दूरचित्रवाणी संचाशेजारी ठेवलेली असते. ऊन न मिळालेल्या कासवाचे कवच हळूहळू मऊ पडते, वेडेवाकडे वाढते, आणि हे कवच अंगावर घातलेला अंगरखा नसून पाठीचा कणा व फासळ्या जुळून बनलेला त्याच्या सांगाड्याचाच भाग असल्यामुळे ते बदलून मिळत नाही. ही चूक लक्षात आली की सुधारणेच्या उत्साहात त्याला मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, उथळ वाडग्यासह गच्चीवर ठेवले जाते, जिथे अर्ध्या तासात पाण्याचा काढा होतो. शेकण्यासाठी ऊन आणि पळण्यासाठी सावली, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात, एवढे साधे तत्त्व आहे. परंतु त्यासाठी कोणीतरी गच्चीवर जाऊन पाहावे लागते.

पाहण्याचा विषय निघाला असता कूर्मदृष्टीचा विचार अटळ ठरतो. कासवी आपल्या पिल्लांना दूध पाजत नाही, केवळ प्रेमळ नजरेने त्यांचे पोषण करते, अशी सुंदर कल्पना संतवाङ्मयात ठिकठिकाणी येते आणि गुरुकृपेचे किंवा ईश्वरकृपेचे ते आवडते दृष्टान्तस्थळ आहे. प्रत्यक्षातील कासवी खड्डा करून त्यात अंडी घालते, खड्डा बुजवते आणि मागे वळून न पाहता निघून जाते, म्हणजे जे तिच्या नावावर आहे नेमके तेच ती करत नाही. उस्मानपुऱ्यातील कुटुंब मात्र ही कल्पना शब्दशः आचरणात आणते: कासवाला सगळे बघतात, प्रत्येकाची अशी समजूत असते की दुसऱ्याने त्याचे केले असेल, आणि अशा रीतीने ते बराच काळ निव्वळ नजरेवर वाढते. काही दिवसांनी त्याचे डोळे सुजून मिटतात. दुकानातून मिळालेल्या डबीतील वाळक्या कोळंबीवरच त्याला ठेवल्यामुळे अ जीवनसत्त्वाची कमतरता होऊन असे घडू शकते, परंतु घरातील निदान 'दृष्ट लागली' असे निघते आणि मीठ-मोहऱ्या ओवाळल्या जातात. वस्तुतः दृष्टीने वाढवलेल्या जिवाला दृष्ट लागणे हे तर्काला धरूनच आहे.

मग डॉक्टर शोधावा लागतो. मराठवाड्यातील पशुवैद्यकाचे शिक्षण, ते परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात झालेले असो वा अन्यत्र, मुख्यतः गाय, बैल, म्हैस आणि शेळी यांच्याभोवती फिरते आणि ते योग्यच आहे. अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून रेडकू सुखरूप काढणारा हा कर्तबगार मनुष्य, टेबलावर ठेवलेल्या आणि चारही पाय, शेपूट व डोके आत घेऊन बसलेल्या रुग्णाकडे काही काळ पाहत राहतो. 'काय होतंय' हा प्रश्न मालकाला विचारला असता 'काहीच करत नाही' असे उत्तर येते, जे लक्षण की स्वभाव हे ठरवणे अवघड असते.

ही अडचण थंडीत शिगेला पोचते. डिसेंबरच्या रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरला की कासवाच्या शरीरक्रिया मंदावतात, ते खाणे सोडते आणि तासन्‌तास एकाच जागी पडून राहते; या अवस्थेला सैलपणे शीतनिद्रा म्हणता येईल. कुटुंबात त्यावरून दोन पक्ष पडतात. मघाशी मान थोडी डावीकडे होती असे एक पक्ष सांगतो, ती कालपासूनच डावीकडे आहे असे दुसरा दाखवून देतो. पेटीवर टिचकी मारली जाते, मोबाइलचा उजेड डोळ्यांवर धरला जातो, कोणीतरी वास घेऊन पाहण्याची सूचना करते आणि ती ज्याने केली त्याच्यावरच सोपवली जाते. जाणकार पशुवैद्यक अशा वेळी डॉप्लर नावाचे यंत्र वापरतात, कारण मंद झालेले ठोके जाड कवचाआडून साध्या नळीने नीट ऐकू येत नाहीत. यंत्राच्या अभावी कुटुंब वाट पाहण्याचा मार्ग स्वीकारते, आणि संक्रांतीनंतर एके दुपारी आजोबांच्या बोटाला चावा घेऊन कासव या वादाचा निकाल लावते.

आजोबा या टप्प्यावर कसे आले, हे स्पष्ट करणे आवश्यक आहे. लाल कानाचे कासव नीट सांभाळल्यास वीस ते चाळीस वर्षे जगते, म्हणजे खरेदीच्या दिवशी घराचे कर्ज आणि कासव यांतील आधी काय फिटेल हे सांगता येत नाही. सेंट हेलेना बेटावरील जोनाथन नावाचे महाकाय कासव सुमारे १८३२ साली जन्मले असे मानले जाते, म्हणजे व्हिक्टोरिया राणी गादीवर येण्यापूर्वीपासून ते गवत खात आहे. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात २००६ मध्ये वारलेले 'अद्वैत' नावाचे कासव तर रॉबर्ट क्लाइव्हच्या बागेतले होते अशी ख्याती आहे. त्या मानाने घरातील कासव अल्पायुषी ठरले, तरी ज्याच्या हट्टाखातर ते आले त्या मुलाचा उत्साह त्याहून पुष्कळ अल्पायुषी असतो. पाचवीतल्या मुलाचे कासव त्याच्या दहावीच्या वर्षी आईकडे जाते, बारावीच्या शिकवण्यांच्या काळात वडिलांकडे जाते, आणि मुलगा अभियांत्रिकीसाठी पुण्याला गेला की ते कायमचे आजोबांच्या नावावर होते. ज्या गृहस्थाने मुळात या खरेदीला सर्वांत मोठा विरोध केला होता तो आता सकाळी गाळणी धुतो, कोथिंबीर निवडताना पालकाची दोन कोवळी पाने बाजूला ठेवतो, आणि एकनाथ रंगमंदिरात नाटकाला गेला असता मध्यंतरात घरी फोन करून पेटीवरचा दिवा बंद केला का, असे विचारतो. पुण्याहून व्हिडिओ कॉलवर नातू 'त्याला दाखवा ना' म्हणतो. ते दाखवले जाते. ते हलत नाही, त्यामुळे नेटवर्क गेले असा नातवाचा समज होतो.

कासव नकोसे झाल्यावर त्याला 'मुक्त' करण्याची जी लाट येते तिचा उगम अनेकदा एका चांगल्या सहलीत असतो. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास गावी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून समुद्री कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले, आणि पहाटे वाळूवर सोडलेली ऑलिव्ह रिडले जातीची पिल्ले समुद्राकडे धावताना पाहण्यासाठी आता दरवर्षी दुरून लोक येतात. टाळ्या वाजवून, डोळे पुसून परतलेल्या कुटुंबाला आपल्या पेटीतील कैद्याची आठवण होते आणि सलीम अली सरोवर किंवा हर्सूल तलाव नजरेसमोर येतो. फरक इतकाच की वेळासचे पिल्लू आपल्या घरी जात असते, तर मिसिसिपीचे कासव हर्सूलला सोडणे म्हणजे दुसऱ्याच्या घरात भाडेकरू घुसवणे होय, आणि तोही असा की जो शेकायचे दगड बळकावतो, अन्न पळवतो आणि आपले आजार मूळ मालकाला देतो. नको असलेले कासव तलावात न सोडता वन विभागाशी किंवा प्राणी वाचवणाऱ्या संस्थेशी बोलून सुपूर्द करावे, हा मार्ग उपलब्ध आहे. त्यात टाळ्या मात्र वाजत नाहीत.

राहिला प्रश्न ओळखीचा. लहानपणी कासव नर की मादी हे सांगता येत नसल्याने त्याला सरसकट पुरुषी नाव ठेवले जाते, आणि या बाबतीत थोरामोठ्यांचीही फसगत झालेली आहे. गिल्बर्ट व्हाइट या इंग्रज निसर्गाभ्यासकाने १७८० पासून सांभाळलेले टिमथी नावाचे कासव मादी असल्याचे ते मेल्यानंतर कवच तपासताना कळले; क्रिमियाच्या युद्धकाळात आरमारी जहाजांवर राहिलेले आणि २००४ मध्ये मेलेले दुसरे टिमथीही मादीच निघाले. उस्मानपुऱ्यात याचा उलगडा अधिक ठसठशीत होतो. बंडू नावाचे कासव एके दिवशी अस्वस्थ होऊन पेटीच्या काचा खरवडू लागते, नातू गेल्याचे दुःख असा त्याचा अर्थ लावला जातो, आणि दोन दिवसांनी बंडू अंडी घालतो. नर नसतानाही मादी निर्बीज अंडी घालू शकते आणि त्यासाठी तिला वाळूची कोरडी जागा न मिळाल्यास अंडी आत अडकून जिवावर बेतू शकते, हे आता घाईघाईने वाचले जाते. आजी मात्र कोणतेही पुस्तक न उघडता, बाळंतिणीची हाडे भरून आली पाहिजेत असा निर्वाळा देते, आणि येथे प्रथमच घरातील शहाणपण व प्राणिशास्त्र यांचे पूर्ण एकमत होते. कारण अंड्याच्या कवचासाठी मादीच्या शरीरातील कॅल्शियम खर्ची पडलेले असते आणि ते भरून काढण्यासाठी माकूळ नावाच्या समुद्री प्राण्याच्या अंगातील पांढरे हलके कवच, म्हणजेच समुद्रफेस, पाण्यात टाकून ठेवणे हा जगभरच्या कासवपालकांचा उपाय आहे. समुद्रफेस काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. तो वाहत्या कानावरचे जुने औषध असल्याने दुकानदार पुडी बांधता बांधता 'कान कुणाचा फुटलाय' असे सवयीने विचारतो. आणि कान लाल आहे पण फुटलेला नाही, शिवाय बंडूने अंडी घातली आहेत, हे सर्व रांगेत उभ्या असलेल्या चार माणसांसमोर सांगण्यापेक्षा आजोबा 'नातवाचा' एवढेच म्हणतात आणि सुटे पैसे मोजून घेतात.